शरणप्पाच्या वाटची भाकर

शरणप्पाला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढं वाचता वाचता कुणाला वाटेल, म्हातारा विरघळला. तसं काही झालेलं नाही.

गाडी आता खानापूरला उभी आहे. आमचं खानापूर म्हणजे बीदरच्या अलीकडचं, जिथून कलबुर्गीची लाईन फुटून जाते. समोरची गाडी आल्याबिगर आमची सुटत नाही. बाहेर लाल माती, पलीकडं तुरीचं रान, रुळाच्या कडेला दावं तोडून आलेली एक शेळी. डबा नवा आहे, बाकं गुळगुळीत आहेत. पण खिडकीच्या गजावर तळहात दाबून धरला आणि नाकाजवळ आणला, तर लोखंडाचा तो जुना गार वास अजून येतो. डोळे मिटायला तेवढा पुरतो.

डोळे मिटले की आधी पानं येतात. विड्याची पानं, ओल्या फडक्यात गुंडाळून करंडीत दाबून बसवलेली. शरणप्पा भालकीचा, पानाचा व्यापारी. मी ठाणाकुशनूरचा, बैलांचा साज विकणारा. कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगरमाळा. मी जीपनं कमलनगरला येऊन गाडी धरायचो, तो भालकीला चढायचा, आणि दर गुरुवारी आम्ही दोघं बीदरला माल घेऊन जायचो. मिशा फुटल्या तेव्हापासून. त्याच्या घरात कन्नड, माझ्या घरात मराठी, गाडीत जे तोंडाला येईल ते. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरा सदरा, आणि करंडीतून ठिबकणाऱ्या पाण्याचा ओघळ बाकाखालून थेट दारापर्यंत. त्या ओलीचा वास, माझ्या पोत्यातल्या अंबाडीच्या दोराचा वास, कुणा बाईच्या डोक्याच्या तेलाचा, कुणाच्या तंबाखूचा, इंजिनाच्या धुराचा. सगळे मिळून एकच वास व्हायचा. त्याला नाव नव्हतं. मी त्याला गुरुवार म्हणायचो.

अंबाडीची धूळ मला तरुणपणीच बाधली. दोर वळताना जे उडतं ते छातीत जाऊन बसतं आणि तिथंच घर करतं. खोकला माझ्याबरोबर तेव्हापासून आहे, एखाद्याचा पाय लंगडा असतो तसा. शरणप्पाला त्याचा मोठा उपयोग. भालकीला गाडी लागली की बाकीचे लोक डबे शोधत पळायचे. हा फलाटाच्या मधोमध करंडी घेऊन उभा राहायचा, कान देऊन. मी खोकलो की बरोबर त्याच दाराशी यायचा आणि करंडी आत ढकलत म्हणायचा, घंटा वाजली रे बाबा. हे ध्यानात ठेवा. तो मला तोंड न बघता ओळखत होता.

जेवण खानापूरला. घरून निघताना पोटात चहाशिवाय काही घालायचं नाही, भूक खानापूरसाठी राखायची. गाडी थांबली, इंजिनानं श्वास सोडला, की बाकाबाकांवर गाठोडी सुटायची. पण घास तोडायच्या आधी मान वर करून चारी बाजूला बघायचं आणि म्हणायचं, या जेवायला. कुणी म्हणायचं, बर्री, ऊटा माडोनु. कुणी म्हणायचं, आव, खाना खाव. समोरचा ओळखीचा असो नसो. समोरच्यानं पोटावर हात फिरवून नको म्हणायचं, मग ह्यानं अर्धी भाकर मोडून त्याच्या हातात कोंबायची, मग त्यानं आपलं गाठोडं सोडायचं. न म्हणता जो तोंडात घास घालायचा तो माणसातून गेला. त्याला कुणी शिवी दिली नाही कधी. फक्त पुढच्या खेपेला त्याला कुणी सरकून जागा देत नव्हतं.

दोन बाकांच्या मधी कुणाचं तरी उपरणं अंथरलं जायचं. त्यावर ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगाचटणी, कारळाची काळी चटणी, अंबाडीची भाजी, कांदा फोडायला कुणाची तरी मूठ. पौषाच्या आधी हुरडा यायचा, गरम राखेचा वास घेऊनच. उन्हाळ्यात कैरी, मिठाची पुडी. आणि वेळ अमावस्येच्या, रानात जेवायच्या त्या सणाच्या, आसपासचा गुरुवार असला तर विचारू नका. ज्याच्या त्याच्या किटलीत आंबील, ज्याच्या त्याच्या डब्यात शेंगा-पालेभाज्यांची भज्जी. तुमच्या भज्जीत चिंच जास्त, आमच्यात वालाच्या शेंगा जास्त, यावरून बायकांची भांडणं, आणि भांडता भांडता एकीच्या हातातला डाव दुसरीच्या डब्यात. टीसी आला तरी त्याच्याही हातावर काहीतरी पडायचं. शरणप्पा खाता खाता दासोहावर बोलायचा, अन्न वाटून खाण्यावर. लई बोलायचा. मला तेव्हा ते खरं वाटायचं.

मग ती बिमारी आली. गाड्या थांबल्या. मी एकदा जीपवाल्याच्या मागं लागून उगीच कमलनगरला गेलो, नुसतं टेसन बघायला. रुळांवर तांबूस गंज चढला होता आणि दोन रुळांच्या मधी कुत्री झोपली होती, गाडी कधी येतच नव्हती अशी.

गाडी सुरू झाली तेव्हा प्रत्येक जागेला नंबर आला होता. नंबराबिगर चढायचं नाही, मधली जागा सोडायची, तोंड बांधायचं. डब्यात पानं नाहीत, तेल नाही, तंबाखू नाही. एकच वास, हात पुसायच्या औषधाचा, दवाखान्यासारखा. भालकीला शरणप्पा चढला आणि नंबर बघत बघत नेमका माझ्या समोर बसला. डोळे तेवढे दिसत होते. मी फडक्याआडून हसलो. मान हलवली. तेवढ्यात मला उबळ आली.

नेहमीचीच उबळ. पण डब्यातली सगळी माणसं एकदम मागं सरकली. पलीकडच्या एकानं तोंडापुढं प्लास्टिकची काच लावली होती, तो उभाच राहिला. म्हातारं आजारी दिसायलंय म्हणला. ह्येला कुणी चढू दिलं म्हणला. मी सांगायलो होतो की हा अंबाडीचा खोकला आहे, पण खोकत खोकत खोकल्याचं सांगता येत नाही. मग त्यानं शरणप्पाला विचारलं, कारण मी त्याच्याकडं बघून मान हलवली होती. हे तुमच्यासंगं हायत का?

शरणप्पा खिडकीबाहेर बघत म्हणला, "न्हाई. मी ह्यांला वळखत न्हाई."

गाडी एका लहान टेसनात हळू झाली होती. नाव सांगत नाही, त्या टेसनाचा काय दोष. मला कुणी ढकललं नाही. तशी छाती कुणाची नव्हती. मी उठलो, पोतं खांद्यावर टाकलं, आणि माझा मी उतरलो. गाडी माझ्यासमोरून गेली. खिडकीत पांढरा सदरा होता. त्यानं मान वळवली नाही.

त्या दिवशी मी चालत निघालो. जीप नव्हती, बस नव्हती. पोत्यात घुंगरमाळा होत्या, पाऊल टाकलं की वाजायच्या. ऊन असं की रस्ता पाण्यासारखा हलायला. एका वस्तीवर एक बाई आवाज ऐकून कौतुकानं दाराशी आली, बैलजोडी बघायला. बैल नव्हते. एक म्हातारा होता, खोकत येणारा. तिनं पदर नाकाला लावला आणि दार लोटून घेतलं. मी पुढं गेलो. छुम छुम छुम, बिनबैलाचा साज. पाणी कुणाला मागितलं नाही. त्या आवाजाच्या तालावर मी मनात एकच घोकत होतो. शरणप्पा, तुला मी पंगतीतनं उठवीन.

परत गुरुवार धरले तेव्हा तोंडावरची फडकी गेली होती. पण माणसं परत आली नव्हती. पैसेवाल्यांनी गाड्या घेतल्या, बाकीचे क्रूझरमधी कोंबून जायला शिकले. जे रेल्वेत उरले ते यायचे, बाक पुसायचे, कानात बोंडं घालायचे आणि मोबाईलमधी उतरायचे. कुठलं गाव, कुणाचे तुम्ही, असं कुणी विचारत नव्हतं. शरणप्पाही यायचा. पानाचा धंदा पोरानं मोडला होता, पण हा एक लहान, कोरडी करंडी घेऊन यायचाच. बाकांमधल्या मार्गाच्या पलीकडं खिडकीशी बसायचा. मी त्याच्याशी बोललो नाही, तो माझ्याशी बोलला नाही.

सूड कसा घ्यायचा ते मी पक्कं केलं होतं. त्याच्यासमोर गाठोडं सोडायचं, चांगलंचुंगलं खायचं, आणि त्याला या म्हणायचं नाही. आमच्याकडं याच्याहून मोठी शिवी नाही. आदल्या दिवशी मी बायकोला, रुक्मीणबाईला, चटणीत तेल सढळ ओतायला लावलं, धपाटे करायला लावले, दही बांधायला लावलं.

"एवढं कुणासाठी?" ती म्हणली.

"एकाला जाळायचंय."

"मग रॉकेल न्या की."

खानापूरला गाडी थांबली. मी गाठोडं सोडलं. लसणाचा वास असा उठला की कानात बोंडं घातलेल्या पोरानंसुद्धा नाक वर केलं. मी कुणाकडं न बघता पहिला घास तोंडात घातला, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून शरणप्पाकडं बघितलं. आता त्याचं तोंड पडणार होतं. इतकी वर्षं मी त्या एका क्षणासाठी पोटात निखारा धरून बसलो होतो.

शरणप्पानं खिशातून बिस्किटाचा पुडा काढला. एक बिस्कीट दातात धरलं आणि शेजारच्या माणसाला समाधानानं म्हणला की आता बरं झालं, ज्यानं त्यानं आपापलं खावं, कुणाचा हात कुणाच्या अन्नात नको. म्हातारी माणसंसुद्धा शिकली म्हणला. माझ्याकडं बोट केलं त्यानं. कौतुकानं.

माझी शिवी त्याला शिस्त वाटली होती. डब्यात सगळेच तसं खात होते, खिडकीकडं तोंड करून, डब्याच्या झाकणाआड, जशी लहान पोरं पाटीवरचं लपवतात. एकट्यानं न म्हणता खाल्लं तर तो अपमान. सगळ्यांनीच तसं खाल्लं तर तो रिवाज. त्या बिमारीनं माझ्या हातातलं हत्यारच बोथट केलं होतं.

घरी येऊन सांगितलं तर रुक्मीणबाईला हसू आवरेना. तिनं तवा खाली ठेवला आणि भिंतीला टेकून हसली. "म्हंजी तुमचा सूड त्येला कळलाच न्हाई व्हय?" म्हणली. मी त्या संध्याकाळी जेवलो नाही. पण तिच्या हसण्यानं माझं डोकं चाललं. ज्या पंगतीतून माणूस उठवायचा, ती पंगत तर आधी पाहिजे. नसली तर मांडली पाहिजे.

पुढच्या गुरुवारी मी गाठोडं सोडलं, मान वर केली, चारी बाजूला बघितलं, एक शरणप्पाची बाजू सोडून, आणि मोठ्यानं म्हणलो, या जेवायला. कुणी मोबाईलमधून मान वर केली नाही. एक पोरगी होती समोर, सुवर्णा, कमलनगरची, बीदरला नर्सिंगला जाणारी. ती घाबरून म्हणली, नको अजोबा, डबा आणलाय मी. आणि बॅग पोटाशी धरली. बोंडवाल्यानं एक बोंड काढलं, काय विकायलाव काका म्हणला. विकायलाव. मी आयुष्यात कधी कुणापुढं हात पसरला नाही, आणि इथं भाकर घेऊन माणसांच्या विनवण्या करायलो होतो. कानाच्या पाळ्या तापल्या. दुसरा कुणी असता तर सोडून दिलं असतं. पण मला माया नव्हती करायची. मला सूड घ्यायचा होता, आणि सुडाला लाज नसते.

दर गुरुवारी म्हणत गेलो. मराठीत म्हणलो, कन्नडात म्हणलो, दखनीत म्हणलो. लोक हसायचे, मोबाईलमधी फोटो काढायचे. थंडीत एकदा सुवर्णाचा डबा घरी राहिला. तिच्या पोटाचा आवाज मला ऐकू आला. मी अर्धी भाकर मोडून तिच्या पुस्तकावर ठेवली. तिनं चटणी लावली, खाल्ली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आई गं म्हणली, अजोबा, ही चटणी हाय का विस्तव. आणि हसली. त्या डब्यात किती काळानं कुणीतरी मोठ्यानं हसलं होतं.

पुढच्या खेपेला तिनं तिच्या आईच्या हातचं लोणचं आणलं. मग तिच्या मैत्रिणी. मग बोंडवाला, तो कोर्टात कारकून निघाला आणि त्याच्या बायकोच्या हातची पोळी चांगली निघाली. मग एका बीबीनं खिमा आणला, तो बाजूला वेगळ्या फडक्यावर मांडला, आणि कुणी काही म्हणलं नाही. उपरणं माझं. कुठलं गाव, कुणाचे तुम्ही, हेही सुरू झालं. मी खोकलो की सुवर्णा पाण्याची बाटली पुढं करायची, मागं सरकायची नाही. यंदा वेळ अमावस्येला पोरींनी भज्जी आणली आणि कुणाच्या भज्जीत चिंच जास्त यावरून डबा डोक्यावर घेतला. डोळे मिटले तर तो वास जवळजवळ आला होता. एका ओल्या पानाचा कमी होता तेवढाच.

लोक म्हणायले, अजोबा लई मायाळू हायत. मी मान हलवायचो. कशाची माया. मी भिंत बांधायलो होतो, एका माणसाला बाहेर ठेवायला.

आणि ती बांधून झाली. शरणप्पा बिस्किटाचा पुडा हातात धरून बसायचा, फोडायचा नाही. पुडा आधी मांडीवर असायचा, मग खिशात राहायला लागला. पंगतीत हसू फुटलं की त्याची मान इकडं वळायची आणि अर्ध्यातून परत जायची. सदरा अंगाला सैल व्हायला लागला. मी प्रत्येक गुरुवारी ते बघत होतो. चटणी गोड लागायची.

मागच्या गुरुवारी सुवर्णानं घात केला. तिला काय ठाऊक. तिनं उपरण्यावरची भाकर उचलली, वर चटणीचा गोळा ठेवला, आणि मार्ग ओलांडून शरणप्पापुढं धरली. "बर्री अज्जा, ऊटा माडोनु," म्हणली. मीच शिकवलेलं तिला.

ती माझी भाकर होती. ओढून तर घेता येत नव्हती. सगळी पंगत बघायली होती. शरणप्पानं भाकरीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. त्या टेसनानंतर पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत.

"त्येनं म्हणल्याबिगर मी हात लावत न्हाई," तो म्हणला.

मी म्हणलो, "आधी ह्या पोरीला सांग, मी कोण हाय."

कुणाला काही कळलं नाही. कारकून एकदा माझ्याकडं, एकदा त्याच्याकडं बघायला. सुवर्णाचा हात तसाच पुढं, भाकरीवरचं तेल तिच्या मनगटावरून ओघळायलं. समोरची गाडी आली, धडधड करत गेली, आमची सुटली. शरणप्पानं तोंड खिडकीकडं केलं. सुवर्णानं भाकर परत उपरण्यावर ठेवली. बीदर येईपर्यंत त्या भाकरीला कुणी शिवलं नाही.

बीदरला तो करंडी उचलून दाराकडं निघाला. माझ्याजवळून गेला, थांबला नाही. दारात सुवर्णा उभी होती. तिला म्हणला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणला, "पोरी, ती चटणी जपून खात जा. ह्येची बायको रुक्मीण लसूण दुप्पट घालती. पयल्यापास्नं तशीच करती. ह्येला ती पचती. आन् खोकला म्हणशील तर ह्येच्या छातीत अंबाडी हाय, दुसरं काय न्हाई. वरून पाणी पीत जा."

आणि उतरला. मी फलाटावर पोतं घेऊन बराच वेळ उभा राहिलो. माणसं गेली, हमाल गेले.

एवढ्यानं भागत नाही. ज्या तोंडानं ओळखत नाही म्हणला, त्याच तोंडानं ओळखतो म्हणावं, माझ्याकडं बघून. बायकोच्या चटणीआडून नाही. ते मी बाजारात दिवसभर मनाला सांगत होतो, आणि त्या दिवशी एक घुंगरमाळही नीट विकली नाही.

काल तव्यापाशी बसून म्हणलो, एक भाकर जास्तीची टाक.

"कुणाच्या वाटची?"

"शरणप्पाच्या."

रुक्मीणबाईचा थापता हात थांबला. "मिटलं व्हय?"

"न्हाई. त्याच्यापुढं ठेवायची. आणि या म्हणायचं न्हाई."

तिनं पीठ आणखी एक मूठ घेतलं आणि भाकर नेहमीपेक्षा मोठी थापली.

आता डोळे उघडतो. डबा तोच, खानापूर तेच. भालकीला शरणप्पा चढला. आज मार्गाच्या पलीकडं गेला नाही. माझ्या समोरच्या बाकावर कारकुनाला सरकायला लावून बसला, करंडी पायाशी ठेवली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. आज करंडीतून पाणी ठिबकतंय. उपरणं मधी आहे, पोरी जेवायल्यात, आणि त्याच्या बाजूला त्याच्या वाटची भाकर आहे, वर चटणी. तो तिच्याकडं बघतो. मी त्याच्याकडं बघतो. तो तोंड उघडतो आणि मिटतो. मीही तसंच करतो.

"अजोबा, भाकर वाळायलीय," सुवर्णा म्हणते.

वाळू दे म्हणतो. सिग्नल अजून लाल आहे.